किंमत? तुम्हीच टाका, बॉस!

१ ऑक्टोबर २००७. ऑक्सफर्डच्या पाच जणांनी आपला नवाकोरा अल्बम विकायला काढला आणि किमतीची जागा चक्क कोरी ठेवली. शून्य टाका, नाहीतर नव्याण्णव पौंड... म्युझिकच्या धंद्याला घाम फोडणाऱ्या ‘इन रेनबोज’ची ही भन्नाट गोष्ट!

कल्पना करा. तुम्ही एका वेबसाइटवर आलात. आवडत्या बँडचा नवा अल्बम घ्यायचाय. क्लिक केलंत. पुढच्या पानावर सगळं नेहमीसारखंच, फक्त किमतीचा चौकोन रिकामा. शेजारी एक प्रश्नचिन्ह. हा काय प्रकार, म्हणून त्यावर क्लिक केलं की उत्तर येतं, तुमची मर्जी! छे, काहीतरी गडबड आहे, म्हणून परत क्लिक करावं तर पुन्हा तेच. अहो खरंच, तुमची मर्जी!

तसं बघितलं तर आपल्याला हे नवीन नाही. कीर्तन संपलं की आरतीचं तबक फिरतं. कुणी नाणं टाकतं, कुणी शंभराची नोट, कुणी ज्योतीवरून हात फिरवून डोक्याला लावतं आणि तबक हळूच पुढे सरकवतं. बुवा कुणाकडे रोखून बघत नाहीत. (निदान तसं दाखवतात तरी.) पण देवळातलं तबक वेगळं आणि दुकानाचा गल्ला वेगळा. कुठलाही शहाणा दुकानदार गल्ल्यावर तबक ठेवून मागच्या खोलीत झोपायला जात नाही.

रेडिओहेडने नेमकं तेच केलं.

हेच एखाद्या हौशी कॉलेज बँडने केलं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. इथे मामला होता जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडपैकी एकाचा. ‘क्रीप’वाले, ‘ओके कम्प्युटर’वाले रेडिओहेड! ज्यांचा अल्बम आला की रेकॉर्ड कंपन्यांचं वर्षाचं बजेट सुधारतं, असे लोक. गिटारवाल्या जॉनी ग्रीनवूडने बँडच्या वेबसाइटवर दोन-चार ओळी टाकल्या की नवा अल्बम तयार आहे आणि दहा दिवसांत येतोय. संपलं! पोस्टर नाही, प्रेस कॉन्फरन्स नाही, एमटीव्हीवर एक्सक्लुझिव्ह मुलाखत नाही. बँडच्या या पानावर बिनकामाच्या गप्पाही चालायच्या. त्यामुळे अनेकांना वाटलं, खेचतायत राव!

बाँड संपला!

हे धाडस आलं कुठून? तर एका साध्या गोष्टीतून. त्यांची नोकरी सुटली होती.

रेडिओहेड म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधल्या एकाच शाळेतले पाच मित्र. थॉम यॉर्क, जॉनी आणि त्याचा मोठा भाऊ कॉलिन ग्रीनवूड, एड ओब्रायन, फिल सेल्वे. १९९१ मध्ये त्यांनी ईएमआय या बड्या कंपनीशी सहा अल्बमांचा करार केला. १९९३ च्या ‘पाब्लो हनी’पासून २००३ च्या ‘हेल टू द थीफ’पर्यंत मोजून सहा अल्बम दिले. आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाँड संपला!

आता रेकॉर्ड कंपनी नेमकं करते काय? स्टुडिओच्या खर्चासाठी ॲडव्हान्स देते, सीडी छापते, त्या जगभरच्या दुकानांत पोचवते, जाहिरात करते. बदल्यात मूळ रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीकडे. कलाकाराला प्रत्येक सीडीमागे एक ठरलेली रॉयल्टी, तीही बहुतेक वेळा ॲडव्हान्स वळता झाल्यावर. होम लोनसारखं प्रकरण आहे. फरक इतकाच की हप्ते फिटले तरी घर बँकेच्याच नावावर राहतं!

त्यात २००७ मध्ये खुद्द ईएमआयच विकली गेली. टेरा फर्मा नावाच्या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने ती चार अब्ज पौंडांहून जास्त किमतीला घेतली. नवे मालक गाय हँड्स हे गुंतवणुकीच्या जगातले बडे नाव, पण गाण्यांच्या जगात नवखे. रेडिओहेडला आपल्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या वापरात काही शब्द हवा होता. बोलणी फिसकटली. बँडने ‘थँक्यू’ म्हटलं आणि दार ओढून घेतलं. मग वर्ष संपता संपता ईएमआयने काय करावं? रेडिओहेडच्या जुन्या अल्बमांचा एक बॉक्स सेट बाजारात आणला. पुढच्या जूनमध्ये ‘बेस्ट ऑफ’सुद्धा! राजीनामा दिलेल्या माणसाच्या जुन्या फाइलींवर नवं कव्हर घालून क्लायंटला दाखवण्यातला प्रकार.

आणखी एक दुखणं होतं. लीक! ‘हेल टू द थीफ’ अधिकृत तारखेच्या तब्बल दहा आठवडे आधी इंटरनेटवर फुटला होता, तोही अर्धाकच्चा, मिक्सिंग व्हायच्या आधीचा. सीडी छापायला टाकली की कारखान्यापासून मासिकांच्या समीक्षकांपर्यंत शंभर हातांतून जाते. एखादा हात तरी खाजतोच. शेवटचे सगळेच अल्बम फुटले होते. मग यांनी विचार केला की फुटणारच आहे, तर आपणच फोडू. थॉमने नंतर डेव्हिड बर्नशी गप्पा मारताना साधारण हेच सांगितलं.

पडका वाडा, गळकं छत

पण मुळात अल्बम तयार तर व्हायला हवा! इथे गोष्ट जाम रंगते.

वरवर बघता काय स्वप्नवत परिस्थिती. बॉस नाही, डेडलाइन नाही, कुणी फोन करून ‘कुठवर आलं?’ विचारत नाही. २००५ मध्ये काम सुरू झालं आणि... काही झालंच नाही. फ्रीलान्सिंग करायला नोकरी सोडलेल्या कुणालाही विचारा. डेडलाइन नसली की सकाळचे अकरा कधी वाजतात कळत नाही. पाचही जण आता चाळिशीच्या आसपास, बायका-पोरांचे. थॉमने मधल्या काळात ‘द इरेझर’ हा सोलो अल्बम काढला. जॉनी ‘देअर विल बी ब्लड’ या सिनेमाच्या पार्श्वसंगीतात गुंतला. बँडचा नेहमीचा प्रोड्यूसर नायजेल गॉडरिच याला बाजूला ठेवून स्पाइक स्टेंट या दुसऱ्या नामवंत माणसाबरोबर काम करून पाहिलं. जमलं नाही.

मग त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. २००६ च्या उन्हाळ्यात अर्धीमुर्धी गाणी घेऊन थेट टूरवर निघाले. युरोप, अमेरिका. प्रेक्षकांसमोर गाणं वाजवलं की ते कुठे लंगडतंय हे लगेच कळतं. नाटकवाले नाही का, मुंबईत आणायच्या आधी बाहेरगावी चार प्रयोग लावून बघत? तसंच.

टूरवरून आल्यावर गॉडरिचला परत बोलावलं. ऑक्टोबर २००६ मध्ये सगळा लवाजमा विल्टशरमधल्या टॉटनहॅम हाउस नावाच्या एका जुन्या प्रचंड वाड्यात गेला. वाडा कसला, खंडहर! छत गळतंय, जमिनीला भोकं पडलीत, खिडक्यांची दुर्दशा. आत झोपण्याची सोय नाही म्हणून बाहेर कॅरव्हॅन उभ्या केलेल्या. करोडपती रॉकस्टार, आणि राहतायत पावसात उभ्या असलेल्या गाडीत! पण याच वाड्यात ‘बॉडीस्नॅचर्स’ आणि ‘जिगसॉ फॉलिंग इंटू प्लेस’ या गाण्यांना आकार आला. ‘बॉडीस्नॅचर्स’ची गिटार ऐका. ती चकाचक साउंडप्रूफ स्टुडिओतली वाटतच नाही. तिला त्या वाड्याची ओल लागली आहे. मग सॉमरसेटमधला हॅल्सवेल हाउस, लंडनचा एक स्टुडिओ, आणि शेवटी ऑक्सफर्डशायरमधला त्यांचा स्वतःचा.

गंमत म्हणजे यातलं ‘न्यूड’ हे गाणं तेव्हा दहा वर्षं जुनं होतं. ‘ओके कम्प्युटर’च्या काळात, १९९७ च्या सुमाराला थॉमला सुचलेलं. १९९८ मध्ये ते स्टेजवर वाजलंही. चाहत्यांकडे त्याची लपूनछपून केलेली रेकॉर्डिंग्ज होती. पण स्टुडिओत गेलं की गाण्याचा जीव जायचा. तीन अल्बम आले आणि गेले, ‘न्यूड’ बाहेरच. शेवटी कॉलिनने त्याला एक नवी बेसलाइन दिली. संथ, खालून सरकत येणारी. त्याबरोबर गाणं सुटलं! मास्टरिंगचं काम बॉब लुडविग या दिग्गजाने केलं आणि २००७ च्या उन्हाळ्यात अल्बम हातात आला. दहा गाणी, जेमतेम बेचाळीस मिनिटं.

बुधवारची सकाळ

१० ऑक्टोबर २००७, बुधवार. पैसे भरणाऱ्यांना आणि न भरणाऱ्यांना, दोघांनाही ईमेल आली. त्यातल्या लिंकवरून एक झिप फाइल उतरवायची, साधारण ५० एमबीची. आज हसू येईल, पण तेव्हा आपल्याकडे २५६ केबीपीएस कनेक्शनला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचे! म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी अर्धा तास. ब्रिटनमध्ये तेव्हा सकाळ होत होती. आपल्याकडे ऐन ऑफिस अवर्स. आता बॉसच्या मशीनला स्पीड जास्त असतो, हे काय सांगायला हवं?

पण स्पीडपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची होती. परदेशी रॉक ऐकणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला सतत शिळं खायची सवय होती. अल्बम लंडनला यायचा, मग कधीतरी इथे. मुंबईच्या काळा घोड्यावरच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये (२०१६ मध्ये तेही बंद झालं) चकरा मारायच्या, इंपोर्टेड सीडीची किंमत बघून परत ठेवायची. नाहीतर हॉस्टेलच्या लॅनवर कुणाच्या फोल्डरमध्ये काय सापडतंय ते शोधायचं. फुटपाथवर एमपी३ सीडी होत्याच, एकीत दीडशे गाणी. त्या बुधवारी मात्र कोथरूडमधला पोरगा, लंडनची विद्यार्थिनी आणि न्यूयॉर्कचा समीक्षक या तिघांच्या हातात एकच फाइल एकाच वेळी पडली. हो, समीक्षकालाही! कुणालाच आधी कॉपी दिली नव्हती. मोठमोठ्या पेपरांचे रिव्ह्यूवाले बिचारे सकाळी उठून ऐकता ऐकताच टाइप करत बसले. तयार मत आधी वाचायची सोयच नाही. आपले कान, आपलं मत.

किंमत शून्य टाकली तर एक पैसा लागत नव्हता. काहीही टाकलं तर वर ४५ पेन्स क्रेडिट कार्डाचा खर्च, म्हणजे तेव्हाचे साधारण छत्तीस रुपये. जास्तीत जास्त ९९ पौंड ९९ पेन्स. आणि ज्यांना हातात धरायला काहीतरी हवं त्यांच्यासाठी ४० पौंडांचा ‘डिस्कबॉक्स’. त्यात दोन विनाइल रेकॉर्ड, सीडी, आठ जादा गाण्यांची आणखी एक सीडी आणि स्टॅन्ली डॉनवूडच्या चित्रांचं पुस्तक. म्हणजे तबक होतंच, पण शेजारी अभिषेकाची पावतीही फाडली जात होती!

(जाता जाता, चाहत्यांचा एक किडा. दहावा महिना, दहावी तारीख, घोषणेनंतर दहा दिवस, दहा गाणी, इंग्रजीत ‘इन रेनबोज’ची अक्षरं दहा, आणि ‘ओके कम्प्युटर’ला दहा वर्षं. या आकड्यांवर लोकांनी अख्ख्या थिअऱ्या रचल्या. पत्रिका बघणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.)

फुकट होतं, तरी चोरलं!

आता मुद्द्याचं. किती लोकांनी पैसे दिले?

महिन्याभरात कॉमस्कोर या संस्थेने आकडे काढले. ६२ टक्के लोकांनी शून्य टाकलं, ३८ टक्क्यांनी काहीतरी दिलं, आणि देणाऱ्यांची सरासरी सहा डॉलर. बँडने हे आकडे साफ चुकीचे असल्याचं सांगितलं, पण स्वतःचे खरे आकडे जाहीर केले नाहीत. फुकट घेणारे जास्त होते हे पुढच्या वर्षी त्यांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या वॉर्नर चॅपेलनेही मान्य केलं.

पण खरा धमाल आकडा वेगळाच आहे. फाइल शेअरिंगवर नजर ठेवणाऱ्या बिगशॅम्पेन या कंपनीच्या मोजणीप्रमाणे पहिल्याच दिवशी सुमारे चार लाख लोकांनी हा अल्बम टोरेंटवरून उतरवला. ३ नोव्हेंबरपर्यंत हा आकडा २३ लाखांवर गेला. अरे, अधिकृत वेबसाइटवर शून्य रुपयांत मिळतोय ना! मग चोरायचा कशाला? कारण सवय. लोकांना फुकट हवं होतंच, पण त्याहून जास्त त्यांना रोजचा रस्ता हवा होता. नाव-गाव-ईमेल भरायचा फॉर्म हीसुद्धा एक किंमतच असते. पुढे स्ट्रीमिंग कंपन्यांनी नेमकं हेच ओळखलं. चोरीपेक्षा सोपं काहीतरी द्या, लोक आपोआप येतात.

मग रेडिओहेडचं दिवाळं निघालं? अजिबात नाही! अल्बमची सीडी दुकानात यायच्या आधीच यातून मिळालेली रक्कम ‘हेल टू द थीफ’च्या एकूण कमाईपेक्षा जास्त होती, हेही वॉर्नर चॅपेलनेच सांगितलं. हे कसं काय? एक तर मधल्या कंपनीचा वाटा गेला. दुसरं, थॉमने बर्नला सांगितलेली गोष्ट. जुन्या काळच्या करारांत इंटरनेटवरच्या विक्रीचा हिस्साच धरलेला नव्हता. त्यामुळे डिजिटल कमाईपुरतं बोलायचं तर आधीच्या सगळ्या अल्बमांनी मिळून दिलं नाही तेवढं या एकाने दिलं. आणि तिसरं, डिस्कबॉक्स. तो एक लाख लोकांनी घेतला. खर्च वजा न करता हिशेब करा, ४० लाख पौंड! ज्याला फुकट हवं होतं त्याने फुकट नेलं, आणि ज्याचा खरंच जीव होता त्याने चाळीस पौंड मोजले. एकच भाव ठेवला असता तर दोघेही हातचे गेले असते.

डाउनलोडचं पान १० डिसेंबरला बंद झालं. ३१ डिसेंबरला ब्रिटनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत साधी सीडी दुकानांत आली. जो अल्बम अडीच महिने जगभर फुकट वाहत होता, तो विकत कोण घेणार? तर दोन्हीकडे थेट नंबर वन! अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात १ लाख २२ हजार प्रती. ऑक्टोबर २००८ पर्यंत डाउनलोड, सीडी, बॉक्स सगळं मिळून तीस लाख. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमीही मिळालं.

पोट भरलेल्यांचा उपास?

सगळे टाळ्या वाजवत होते असं समजू नका. ‘सॉनिक यूथ’च्या किम गॉर्डनने टोला हाणला की हे दिसायला फार समाजसेवी दिसतं, पण ज्यांचे अल्बम यांच्याइतके खपत नाहीत त्या इतर कलाकारांचा यात विचारच नाही. उलट जे किंमत लावतात तेच आता हावरट दिसणार. लिली ॲलनने तर याला उर्मटपणा म्हटलं. अंडी घेताना आपण भाव ठरवत नाही, मग गाण्यालाच का, हा तिचा सवाल. ‘नाइन इंच नेल्स’च्या ट्रेंट रेझ्नरचा राग वेगळ्या कारणाने होता. रेडिओहेडने दिलेल्या फाइली होत्या १६० केबीपीएसच्या. सीडीच्या मानाने बऱ्याच हलक्या. म्हणजे साधा माल फुकट वाटायचा आणि चांगला माल नंतर दुकानात विकायचा, ही नेहमीचीच जाहिरातबाजी आहे असं त्याचं म्हणणं. (याच रेझ्नरने मार्च २००८ मध्ये स्वतःचा ‘घोस्ट्स’ काढला. थोडा फुकट, पूर्ण पाच डॉलरला, आणि ३०० डॉलरचा शाही संच फक्त २,५०० जणांना. काही दिवसांत फस्त!)

किम गॉर्डनचा मुद्दा खोडता येत नाही. रेडिओहेडचं नाव जगभर पोचवलं ते ईएमआयच्या पैशाने, सोळा वर्षं. तबक फिरवायला आधी सभामंडप भरलेला लागतो. आज पुण्यातला एखादा नवा बँड वेबसाइटवर रिकामा चौकोन ठेवेल, तर त्यात आई-बाबा आणि ड्रमरची गर्लफ्रेंड एवढेच पैसे टाकतील.

पण लिली ॲलनच्या अंड्यांचं उदाहरण काही पटत नाही. अंडं एकदा खाल्लं की संपलं, दुकानदाराकडचं एक कमी झालं. गाण्याची कॉपी केली तर मूळ गाणं तसंच राहतं. २००७ मध्ये सगळ्या जगाची पंचाईत हीच होती. ज्याची नक्कल करायला शून्य खर्च येतो त्याचा भाव काय? कंपन्या कोर्टात जात होत्या, पोरांवर केसेस टाकत होत्या, सीडीला कुलपं लावत होत्या. रेडिओहेडने तो प्रश्न थेट ऐकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला. लोकांना काही सेकंद थांबून गाण्याची किंमत काय याचा विचार करायला लावण्यात मजा आहे, असं जॉनीने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. आणि माणसं थांबलीसुद्धा! कुणी पाच पौंड टाकले, कुणी दहा, कुणी शून्य टाकून नंतर सीडी घेतली. शून्य टाकतानाही शून्य टाइप करावं लागत होतं. टोरेंटवर ते करावं लागत नाही.

याची नक्कल किती झाली? आपल्याकडचं उदाहरण घ्या. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम दर महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर फुकट दिला. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते तालीम करायचे त्याचा हा पत्ता. गायक-तबलजी असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेला होता, आणि त्याचा आवाज असलेली ही गाणी बँडने लोकांना अशीच देऊन टाकली. उलटं टोक म्हणजे २०१४ मधला ‘यू टू’ चा पराक्रम. ॲपलशी हातमिळवणी करून त्यांनी आपला अल्बम कोट्यवधी लोकांच्या आयट्यून्समध्ये न विचारता ढकलला. फुकट! लोक भडकले. शेवटी तो काढून टाकायची सोय द्यावी लागली. गाणी फुकट दोन्हीकडे, पण एकाने विचारलं होतं आणि दुसऱ्याने घरात घुसून ताटात वाढलं.

आणि खुद्द रेडिओहेड? त्यांनी हा प्रयोग पुन्हा केला नाही. २०११ चा ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ वेबसाइटवरच आला, पण ठरलेल्या किमतीला. २०१६ चा ‘अ मून शेप्ड पूल’ही तसाच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सात वर्षांच्या खंडानंतर ते पुन्हा युरोपात स्टेजवर उभे राहिले, तेव्हा तिकिटावर किंमत छापलेली होती.

आणि हो, गाणी!

एवढ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. अल्बम सॉलिड आहे! फुकट मिळतो म्हणून वाईट गाणं कुणी दोनदा ऐकत नाही. ‘किड ए’च्या काळात यंत्रांच्या मागे लपलेलं रेडिओहेड इथे चक्क माणसात आलं. गाण्यांत ऊब आहे, शरीर आहे, चाळिशीतल्या माणसाची धास्ती आहे.

पहिलंच ‘१५ स्टेप’ पाच मात्रांचं. टाळी वाजवायला जाल तर हात हवेत राहील. मध्येच शाळेतल्या पोरांचा कल्ला ऐकू येतो, तो ऑक्सफर्डच्याच मुलांचा. ‘वीअर्ड फिशेस’मध्ये तीन गिटारी एकमेकींत अशा गुंफल्यात की कुठली कुणाची ते शोधत बसू नका. ‘ऑल आय नीड’ संथ सुरू होतं आणि शेवटच्या मिनिटाला पियानो आणि झांजांची लाट अंगावर येते. त्या लाटेसाठी जॉनीने व्हायोलिन-व्हायोलावर सप्तकातले सगळे सूर एकाच वेळी वाजवून घेतले. खोलीत मोठ्याने वाजणाऱ्या बँडचा जो गुंजारव असतो तो त्याला पकडायचा होता. रात्रीच्या एक्स्प्रेस वेवर, एसी बंद, काच किंचित खाली, या गाण्याला तोड नाही. ‘फाउस्ट आर्प’ दोन मिनिटांत संपतं, तक्रार करू नका. ‘रेकनर’ हे अनेकांच्या मते बँडचं सर्वात सुंदर गाणं आहे. मला ‘न्यूड’ थोडं वर वाटतं, पण भांडायला मजा येईल.

आणि शेवटचं ‘व्हिडिओटेप’. वरवर ऐकलं तर चार साधे पियानो कॉर्ड, संथ, परत परत. आपण समजून चालतो की हेच ठोके मात्रेवर पडतायत. प्रत्यक्षात ते मात्रेच्या जरासे अलीकडे पडतात, खरी मात्रा मोकळी राहते, आणि ड्रम आले की पायाखालची जमीन हलते. स्टेजवर हे वाजवताना खुद्द बँडच्या माना डोलायच्या त्या वेगळ्याच ठेक्यावर. हेडफोन लावा, टेबलावर बोटाने ठेका धरा आणि पियानोच्या नादी न लागता शेवटपर्यंत टिकवून बघा. टिकला, तर तुमच्या घराण्यात कुणीतरी तबलजी होऊन गेलाय!